आज दहावीच्या पोरांचा निरोप समारंभ

भाषणं कमी आणि आठवणीच जास्त झाल्या. ही बॅच पाचवीत आली तेच २०१९ चा ऑगस्ट घेऊन. नाशिकात गोदावरीला पूर, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्याखाली आणि शाळेला सुट्टी. "मॅडम, तेव्हा आम्ही पूर बघायला गेलो होतो," हे आज कबूल केलं, जवळपास सहा वर्षांनी!

मग मार्च २०२० आला आणि सहावी गेली मोबाइलमध्ये. एकजण घरातला एकुलता एक फोन वडील कामावरून आल्यावर रात्री घ्यायचा आणि गृहपाठाचे फोटो साडेदहाला पाठवायचा. मी तेव्हा वैतागायचे. आज त्यानेच सूत्रसंचालन केलं, एकदाही न अडखळता.

पांडवलेणीच्या सहलीत लेणी कोणाला आठवत नाहीत, पायऱ्या चढताना फुटलेली पाण्याची बाटली मात्र सगळ्यांना आठवते. असो.

शेवटी मिसळ होती. तर्री संपली, पाव उरले. मुली फोटोसाठी डोळे पुसत होत्या, मागच्या बाकावरची पोरं बाकावर कोरलेली आपली नावं शोधत होती. ओरडायला तोंड उघडलं आणि मीही शोधायला लागले.