मंडळाचा आकडा

भावाचा फोन आला तेव्हा मी डोंबिवली फास्टच्या लेडीज डब्यात, दारापासून तिसरी. ‘ताई, विमा बसत नाही म्हणतात. मंडळाचा आकडा उंबरठ्याच्या वर आलाय.’

शेंगा भरायच्या वेळीच पावसानं दडी मारली होती. आमचं रान माळाचं, हलकं. खालच्या काळ्या रानात ओल टिकली, आमचं सोयाबीन वाळलं. महसूल मंडळ मात्र दोघांचं एकच, आणि विमा बघतो अख्ख्या मंडळाचं सरासरी पीक: ते ठरलेल्या उंबरठ्याखाली गेलं की भरपाई.

ही पद्धत अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांची. एम.ए.ला ते भेटले ते नीलकंठ रथांसोबतच्या १९७१च्या दारिद्र्याच्या अभ्यासामुळे, सगळ्यांना भेटतात तसेच. पीक विम्याचं मला फार नंतर कळलं. गुजरातेत १९७२पासून एच-४ या संकरित कापसावर, मग इतर काही पिकांवर आणि राज्यांतही, एकेका शेतकऱ्याचा विमा उतरवून पाहिला होता. हप्ता जमला सुमारे ४.५ लाख, भरपाई गेली जवळपास ३८ लाख. दांडेकर म्हणाले, शेत मोजू नका, प्रदेश मोजा. सरासरी घसरली तर सगळ्यांना द्या. मग मुद्दाम हयगय करण्यात कुणाचा फायदा नाही, आणि राबणाऱ्याचं जास्तीचं पीक त्याचंच. १९७९ला त्यावर प्रायोगिक योजना आली, १९८५ला देशभर.

आकडा येतो कुठून, हे मी लहानपणी पाहिलंय. कृषी सहायक चिठ्ठीवरचे, सोडतीनं निघालेले आकडे वाचत बांधापासून पावलं मोजत आत गेले, खुंटी ठोकली, दोरीनं दहा बाय पाच मीटरचा चौकोन आखला. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात. अण्णांनी हळूच सुचवलं, ‘साहेब, जरा तिकडं घ्या की,’ म्हणजे जिथं पीक पार गेलं होतं तिथं. ‘नंबर निघालाय तिथंच, अण्णा.’ ताडपत्रीवर शेंगा बडवल्या, दाणे काट्यावर चढले. अण्णा दिवसभर गप्प होते. (संख्याशास्त्रज्ञ सुखात्मे आणि पानसे यांनी हे नमुने चिठ्ठीवर सोडले ते अशा अण्णांमुळेच असणार.)

म्हणून दांडेकरांवर राग धरवत नाही. त्यांची अट होती एकजिनसी प्रदेशाची. माळ आणि काळी एका मंडळात कोंबा, असं ते म्हणाले नव्हते.

हे सगळं मी भावाला मुंब्र्यापर्यंत समजावलं. त्यानं ऐकून घेतलं.

‘म्हणजे खालच्या आळीचंही बुडावं म्हणून देव पाण्यात घालू का?’

डब्यात दिव्याला उतरणाऱ्यांची रेटारेटी सुरू झाली होती. घरी जाऊन करते म्हटलं, आणि फोन पर्समध्ये टाकला.