पोट भरलेलं असतानाही

"तोंडावर जरा ताबा ठेवला तर काय बिघडेल?" हा प्रश्न मला नातेवाइकांनी विचारलाय, डॉक्टरांनी विचारलाय, प्रवासात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनीसुद्धा. तुम्हीही विचारलंत, पण आपुलकीनं. म्हणून नीट सांगते.

रात्रीचे साडेअकरा. जेवण होऊन दोन तास झालेत, पोट भरलेलं आहे. तरी मी उठते. स्वयंपाकघरातला दिवा लावत नाही. बिस्किटांच्या पुड्याचा कागद वाजू नये म्हणून तो टॉवेलमध्ये धरून फाडते. पहिली दोन गोड लागतात, पुढच्यांची चव आठवतही नाही. रिकामा पुडा कचऱ्याच्या डब्यात तळाशी दडपते. या सगळ्यात भूक कुठेच नसते.

भूक वेगळी, ओढ वेगळी. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचं संप्रेरक पाझरतं आणि साठा पुरेसा असल्याचा निरोप मेंदूला देतं. १९९४ साली ते सापडलं, तेव्हा लठ्ठ माणसांत ते कमी असेल असं अनेकांना वाटलं होतं. निघालं उलटंच. बहुतेकांच्या रक्तात ते भरपूर असतं, मेंदूच त्याला दाद देत नाही. त्यात साखर आणि स्निग्ध पदार्थ एकत्र आले की डोपामाइन हे मेंदूतलं ओढ लावणारं रसायन 'अजून, अजून' म्हणत राहतं. 'अन्नाचं व्यसन' असणं-नसणं यावर तज्ज्ञ अजून वाद घालतात. मला मात्र दुसरा शब्द सापडलेला नाही.

शरीराचं म्हणाल तर गुडघे बोलतात, झोपेत श्वास अडकतो. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी भूक आणखी वाढते. पण सगळ्यात जड असते ती लाज. कुणी ताटाकडे रोखून पाहिलं, की त्या जेवणात मी कमी खाते आणि त्या रात्री जास्त.

गेल्या वर्षी एका डॉक्टरांनी वजनकाट्याकडे न बघता विचारलं, "उठता त्याआधी त्या दिवशी काय झालेलं असतं?" असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. मला रडू आलं. मग समुपदेशन सुरू झालं, जेवणाच्या वेळा ठरल्या, उपाशी राहायचे प्रयोग थांबले.

पूर्वी अशा रात्री आठवड्यात चार-पाच यायच्या, आता महिन्यातून एखाद-दोन. वजन फारसं हललेलं नाही, त्यामुळे तुम्हाला बाहेरून हे दिसणार नाही.