आजीच्या बायबलचे समास

नोव्हेंबर लागला की आजी बायबल उन्हात काढायची. वास्कोचा पाऊस चार महिने भिंतींत मुरलेला असायचा. पानांना कुबट वास यायचा, कधी कसरही लागलेली असायची. अंगणात पाटावर जुनी चादर, तिच्यावर ते काळं, जाडजूड पुस्तक आणि राखणीला मी. आजी दर थोड्या वेळाने बाहेर येऊन पानं उलटून जायची. बायबल उन्हात आलं म्हणजे उपकारस्तुतीचा रविवार जवळ आला, हे आम्हा मुलांना सांगावं लागत नसे.

आजोबा 1964 साली मुरगाव बंदरात नोकरीला लागले. मिरजेहून लोंढ्याला गाडी बदलून जे सामान आलं, त्यात हे पुस्तक होतं. घाटावरून आलेली अशी दहा-पंधरा मराठी ख्रिस्ती घरं तेव्हा वास्कोत होती. शेजाऱ्यांची मिसा कोंकणीत, आमची उपासना मराठीत. वर्षातून एकदा, उपकारस्तुतीच्या रविवारी, भाड्याच्या हॉलमध्ये सगळे संमेलनाला जमायचे. "सलाम, सलाम" करत म्हातारी माणसं एकमेकांचे हात धरून उभी राहायची, ती सोडायचीच नाहीत.

प्रत्येक घरातून परसातलं काही ना काही यायचं: भोपळा, केळ्यांचा घड, गावठी अंडी. उपासनेनंतर त्यांची पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची. एकदा आमच्या नारळावर दोन काकांनी हट्टाने बोली चढवली आणि घेणाऱ्याने तो नारळ आजीलाच परत दिला. मग मिरजेच्या मसाल्याचं मटण आणि पोदेराकडचे पाव. आमच्यातले एक निवृत्त गुरुजी दर वर्षी फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणातल्या चार ओव्या म्हणायचे. 1616 साली इथल्याच साष्टीत, रायतूरला, ते मराठी पुराण रोमी अक्षरांत छापलं गेलं, हे त्यांनी सांगितलं की आम्हाला या मातीत आपलं घर जुनं असल्यासारखं वाटायचं.

पण माझं संमेलन खरं उरलं आहे ते आजीच्या समासांत. संदेश ज्या वचनावर झाला, त्याच्याशेजारी ती शिसपेन्सिलीने तारीख घालायची आणि जेमतेम एक ओळ. 121 व्या स्तोत्रापाशी, जिथे दृष्टी पर्वतांकडे लागते, तिथे लिहिलंय : "1966. इथे डोंगर कमी, समुद्र फार." 23 व्या स्तोत्राचं पान बोटांनी इतकं काळवंडलंय की पुस्तक हातात धरलं की आपोआप तिथेच उघडतं. पाठांतराच्या स्पर्धेत मी तेच म्हटलं होतं. चौथ्या वचनावर अडले तेव्हा पहिल्या रांगेतून आजीचे ओठ हलताना दिसले. बक्षीस म्हणून नवं कोरं बायबल मिळालं. ते मी आजीला दिलं. तिने हात फिरवून ते कपाटात ठेवलं, वाचायला मात्र आपलं जुनंच घेतलं.

ईयोबाच्या पुस्तकातल्या शेवटच्या अध्यायाशी मला नेहमी थांबावं लागतं. माझा धाकटा काका नऊ वर्षांचा असताना तापाने गेला. त्याच वर्षीच्या संमेलनात पाळकसाहेबांनी ईयोबावर संदेश दिला : त्याने दहा लेकरांसकट सगळं गमावलं आणि देवाने सगळं परत दिलं. समासात आजीचं अक्षर कापरं आहे : "1968. मग आधीच्या दहा लेकरांचं काय?" जेवणाच्या पंगतीत तिने हे पाळकसाहेबांना विचारलंही. ते काही बोलले नाहीत. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला, एवढं आई सांगते.

पुढच्या वर्षी ते आले ते थेट आजीकडे. म्हणाले, "बाई, पुन्हा मोजलं. ईयोबाची मेंढरं होती सात हजार, नंतर झाली चौदा हजार. उंट तीन हजारांचे सहा हजार. बैल, गाढवं, सगळंच दुप्पट. लेकरं मात्र आधी सात मुलगे, तीन मुली, आणि नंतरही तितकीच. ती का दुप्पट नाहीत?" आजी गप्प. "दुप्पटच आहेत, बाई. मेंढरं गेली ती गेली. आधीची दहा गेलेली नाहीत."

पहिल्या ओळीखाली दुसरी ओळ आहे, पेन्सिल दाबून लिहिलेली, मागच्या पानावर उमटलेली : "1969. आपली चार." घरात तेव्हा तीनच मुलं होती.