तोंड आलंय म्हणून आलेल्या मावशी

मागच्या श्रावणातली गोष्ट आहे. संध्याकाळचे सात वाजले असतील, पाऊस धरलेला, स्टँडवरची गर्दी ओसरलेली, आणि एक मावशी तोंडाला पदर लावून आमच्या मेडिकलच्या काउंटरपाशी येऊन उभ्या राहिल्या. "ताई, तोंड आलंय, चार दिवस झाले भाकरी गिळवत नाही, लावायला कायतरी द्या." असं म्हणणारे दिवसाला पाच-सहा जण तरी येतात, जेलची ट्यूब आणि बी कॉम्प्लेक्सच्या दहा गोळ्या दिल्या की झालं. माझा हात ट्यूबच्या खणाकडे गेलासुद्धा होता.

पण त्यांनी पदर बाजूला केला आणि ओठाच्या आतून पार सालटं निघालेली दिसली. नेहमीचं तोंड येणं असं नसतं. पैसे द्यायला हात पुढे केला तर मनगटाच्या वर काळेनिळे डाग. "कुठं पडलात का मावशी?" "नाय गं, आपोआप उठलेत." दोन दिवस कणकण पण होती म्हणे. मी ट्यूब परत ठेवली आणि विचारलं, दुसरं काय औषध चालू आहे? म्हणाल्या, सांध्यांचं चालू आहे, पुण्याच्या डॉक्टरांचं, पिशवीतच आहे.

पिशवीतून दुखण्याच्या गोळ्या निघाल्या आणि त्यांच्याखाली एक स्ट्रिप, बारीक पिवळ्या गोळ्यांची, दहातल्या नऊ संपलेल्या. मेथोट्रेक्झेट, साडेसात मिलिग्रॅम. "ही कशी घेता?" "रोज रात्री एक. तुमच्याकडंच तर लिहून दिलंय की." स्ट्रिप उलटी केली तर मागे निळ्या पेनानं 'रात्री १', आमच्याच दुकानातलं अक्षर. माझ्या पोटात गोळा आला तो अजून आठवतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ही मुळात कॅन्सरवर मोठ्या डोसमध्ये वापरतात ती गोळी. आमवातात ती फार कमी डोसमध्ये देतात आणि आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. शरीरात नवीन पेशी तयार व्हायला फोलिक ॲसिड लागतं, ही गोळी त्याच कामात आडवी येते. म्हणून जिथं पेशी भराभर बदलतात तिथं दणका आधी बसतो, म्हणजे तोंडाच्या आतली त्वचा, आतडं आणि हाडांतला मगज, जिथं रक्त तयार होतं. मावशींनी नऊ आठवड्यांचा डोस नऊ दिवसांत घेतला होता, आणि वर गुडघे दुखतात म्हणून रोज दुखण्याची गोळी, जिच्यामुळे हे औषध किडनीतून बाहेर पडायला आणखी उशीर लागू शकतो. तोंड येणं ही पहिली खूण होती आणि मी त्यावर जेल लावायला देऊन त्यांना घरी पाठवणार होते.

त्यांना आत स्टुलावर बसवलं, चिठ्ठीवरच्या नंबरवर फोन लावला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली डॉक्टर पेशंट बघताहेत, उद्या करा. म्हटलं, एवढंच सांगा त्यांना, पेशंटनं मेथोट्रेक्झेट नऊ दिवस रोज घेतलीय. दोन मिनिटांत डॉक्टर स्वतः लाइनवर आले. किती दिवस, ताप किती, लघवी होतेय का, एवढं विचारलं आणि म्हणाले, आज रात्रीच ॲडमिट करायचं, सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट, किडनीच्या टेस्ट, आणि ह्या गोळीवर उतारा म्हणून फोलिनिक ॲसिडचं इंजेक्शन लागेल. नावं सारखी वाटतात पण हे म्हणजे आपली साधी फोलिक ॲसिडची गोळी नव्हे, ती इथे पुरत नाही. आमच्या गावात ते इंजेक्शन कुणीच ठेवत नाही, मी साताऱ्याच्या स्टॉकिस्टला दुकान बंद करताना पकडलं आणि बाजूला काढून ठेवायला लावलं. मग एका कागदावर सगळं लिहिलं, औषध, ताकद, कुठल्या तारखेपासून, दुखण्याची गोळी कुठली, पुण्याच्या डॉक्टरांचा नंबर, आणि तो कागद त्यांच्या पुतण्याच्या खिशात घालून मावशींना त्याच्या गाडीतून हॉस्पिटलला पाठवलं. रात्री अकराला त्याचा फोन, पांढऱ्या पेशी १,८००, प्लेटलेट ४२,०००, दोन्ही फारच कमी. मी रात्रभर झोपले नाही.

दुसऱ्या दिवशी बिल शोधलं. दुपारी दोनचं. मी तेव्हा वर घरी जेवायला गेले होते. काउंटरला आमच्याकडे कामाला असलेला मुलगा होता, पाच वर्षं झालेली, प्रत्येक खण पाठ, हुशार आणि प्रामाणिक. चिठ्ठीवर इंग्रजीत 'ओडब्ल्यू' लिहिलं होतं, आठवड्यातून एकदा, त्यानं वाचलं 'ओडी', रोज एकदा. तो रडायला लागला. पण भिंतीवर फ्रेम करून लावलेलं रजिस्ट्रेशन माझ्या नावाचं आहे, त्याच्या नाही. १९४८ च्या फार्मसी ॲक्टचं कलम ४२ तेच सांगतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनंच द्यायचं. जेवायला वर जाताना मी ते कलम बरोबर घेऊन गेले होते असं म्हणायचं का? नाही ना, चूक माझीच.

माझे बाबा कंपाउंडर होते. डॉक्टर आत पेशंट तपासायचे आणि बाबा खिडकीच्या मागे मिक्श्चर बनवायचे, खलात पावडर घोटायचे, पुड्या बांधायचे. लोक घरून बाटली आणायचे, बाबा कागदाची पट्टी घडी घालून कात्रीनं कोपरे छाटायचे आणि बाटलीवर चिकटवायचे, एक खूण म्हणजे एक डोस, वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही कळायचं. आणि खिडकीतून प्रत्येकाला तोंडी सांगायचे, हलवून घ्या, जेवल्यावर घ्या. मग कंपन्यांच्या तयार गोळ्या आल्या, खल माळ्यावर गेला, आणि बनवायचं काम संपलं तसं सांगायचं कामही संपलं असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. मी डी. फार्म., म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, केलं तेव्हा दुकान म्हणजे खण, एक्स्पायरी, मार्जिन आणि उधारीची वही. २०१५ मध्ये फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स आली, त्यात पेशंटला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून स्पष्ट लिहिलंय. मी ते वाचलं होतं, खरं सांगायचं तर वाचून ठेवून दिलं होतं. ह्याच गोळीच्या ह्याच चुकीमुळे युरोपातल्या औषध नियामक संस्थेनं २०१९ मध्ये पाकिटावर ठळक सूचना आणि पेशंटला वार लिहायचं कार्ड सुचवलं, म्हणजे ही चूक जगभर होते. पण आपल्या काउंटरवर झाली की ते वाचून काहीच हलकं वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गेले आणि मावशींना आणि मुंबईहून आलेल्या त्यांच्या मुलाला सांगितलं की चूक आमच्या दुकानाची आहे. मुलगा खूप बोलला, त्यानं बोलायलाच हवं होतं. मी उभी राहून ऐकलं. अकराव्या दिवशी पेशी वर आल्या, बाराव्या दिवशी घरी सोडलं.

आता मी दुपारी वर जात नाही, डबा खालीच येतो. ही गोळी दुकानात वेगळ्या लाल डब्यात आहे, मी स्वतः देते, स्ट्रिपवर मार्करनं मराठीत 'फक्त सोमवारी' असं वाराचं नाव घालते, आणि पेशंटकडून परत वदवून घेते. गर्दीत लोक वैतागतात, वैतागू देत. काउंटरचा मुलगा आता डी. फार्म.ला बसलाय, फी आम्ही अर्धी भरतोय.

दिवाळीनंतर मावशी आल्या. डॉक्टरांनी औषध बदललं होतं. मला वाटलं होतं त्या परत आमच्याकडे पाऊल टाकणार नाहीत. चिठ्ठी पुढे केली, मी स्ट्रिप काढली, तर माझा हात धरून म्हणाल्या, "थांब. ही रोजची का वाराची?"

"रोजची, मावशी. सकाळी एक, जेवल्यावर."

"लिही मोठ्ठं," म्हणाल्या, आणि मी लिहून होईपर्यंत काउंटरवर वाकून बघत राहिल्या.