मॅनिकिन वेळेत आलं, सलाइनची बाटली अडली

गोव्यातल्या आमच्या इस्पितळात परिचारिकांसाठी सिम्युलेशन प्रशिक्षण, म्हणजे खोट्या रुग्णावर खऱ्यासारखा सराव, सुरू करायचं ठरलं. विषय होता प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव. सगळ्यांची नजर मॅनिकिनच्या, म्हणजे सरावासाठीच्या माणसासारख्या पुतळ्याच्या, फाइलवर होती. मोठी खरेदी, म्हणून ती फाइल प्रत्येक टेबलावर जपून हाताळली गेली आणि मॅनिकिन वेळेत आलं. खोली मिळाली, मेट्रननी ड्युट्याही बसवून दिल्या. त्यानंतर सगळं ठप्प झालं ते सलाइन, आयव्ही सेट (सलाइनची नळी), कॅन्युला (शिरेत बसवायची बारीक नळी) आणि सिरिंजांपायी. हा त्रास कुणी आधी सांगत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

स्टोअरच्या इंडेंट फॉर्मवर, म्हणजे सामानाच्या मागणीपत्रावर, दोन रकाने सक्तीचे होते: वॉर्ड आणि रुग्णाचा केस पेपर क्रमांक. मॅनिकिनला केस पेपर कुठून आणायचा? रकाना कोरा ठेवला की फॉर्म परत. ‘प्रशिक्षणासाठी’ असं लिहिलं तरी परत, कारण ऑडिटमध्ये हरकत येईल. वर, ‘प्रसूती विभागाच्या नावावर उचला, कोण विचारतंय’ असा तोंडी सल्ला! तो अजिबात मानू नका. एक तर नोंद खोटी होते. दुसरं म्हणजे वॉर्डचा साठा कागदावर एक आणि कपाटात दुसराच राहतो, आणि रात्रपाळीला खऱ्या बाळंतिणीसाठी हात घालावा तर कॅन्युला संपलेल्या.

दुसरा सल्ला याहून घातक: ‘सामान कशाला हवं? इंजेक्शन दिलं असं तोंडानं म्हणायचं.’ सिम्युलेशन म्हणजे काय हेच ज्यांना समजलेलं नाही, ते असं बोलतात. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव आटोक्यात आणणारं औषध १ ग्रॅम शिरेतून १० मिनिटांत द्यायचं, आणि तेही प्रसूतीपासून ३ तासांच्या आत. हे पाठ सगळ्यांना असतं. पण आपल्याकडे नेहमी मिळणारं अँपूल ५ मिलीचं, म्हणजे ५०० मिलिग्रॅमचं. म्हणजे दोन अँपूल फोडायची, १० मिलीच्या सिरिंजमध्ये ओढायची, हवा काढायची, आणि सावकाश द्यायचं. तोंडानं म्हणायला दोन सेकंद लागतात, हातानं करायला बराच वेळ जातो. तेवढ्यात गर्भाशय चोळणारा हात कुणाचा, मदतीला फोन कोण करणार आणि रक्त कोण मोजतंय, हा घोळ तिथेच उघडा पडतो. गर्भाशय आवळून धरणाऱ्या ऑक्सिटोसिनचंही तेच. अँपूल ५ युनिटचं असेल तर १० युनिटला दोन लागतात आणि ते २ ते ८ अंशांवर, फ्रिजमध्ये ठेवायचं असतं. फ्रिज कुठल्या खोलीत आहे आणि किल्ली कुणाकडे आहे, हे तोंडी सरावात कधीच कळत नाही.

कॅन्युलाचं तर विचारू नका. सवयीनं हात गुलाबी कॅन्युलाकडे, म्हणजे २० गेजकडे जातो. गेजचा आकडा लहान तितकी नळी जाड. वाहत्या रक्तस्रावात हवी राखाडी १६, निदान हिरवी १८. ट्रेमध्ये तिन्ही ठेवल्या तरच कोण काय उचलतं ते दिसतं. ज्या ट्रेमध्ये निवडायला काही नाही, तिथे निवड शिकवता येत नाही.

मग मुदत संपलेल्या मालाची कल्पना निघाली. बरेच जण तिथूनच सुरुवात करतात, आणि त्यात तथ्यही आहे. सिरिंज, आयव्ही सेट, युरोबॅग (लघवीची पिशवी) मुदत संपल्यावरही सरावाला चालतात. हातमोजे मात्र घालतानाच फाटतात आणि चिकटपट्टीचा गोंद मॅनिकिनच्या कातडीवर राहतो, म्हणून या दोन गोष्टी चालू मुदतीच्याच घ्या. मुदत संपलेली खरी औषधं अजिबात घेऊ नका. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांनुसार ती पिवळ्या वर्गात जातात. प्रशिक्षणाच्या कपाटात त्यांना जागा नाही. आमच्या स्टोअरनं मात्र सिरिंजही द्यायला नकार दिला, कारण कंडेमनेशन झालेला, म्हणजे बाद ठरवलेला, माल नष्टच करायचा असतो.

स्टोअरच्या माणसांची एक भीती मात्र खरी आहे आणि ती आपण मान्य केलीच पाहिजे. २०१४च्या अखेरीस अमेरिकेत प्रशिक्षणासाठी बनवलेल्या, निर्जंतुक नसलेल्या सलाइनच्या पिशव्या खऱ्या दवाखान्यांत पोचल्या आणि रुग्णांना लावल्या गेल्या. अनेकांना थंडी-ताप भरला, एक मृत्यूही नोंदला गेला. हे शहाण्यासुरत्या ठिकाणी घडलं. तेव्हा ‘आमच्याकडे असं होणार नाही’ हे उत्तर नव्हे.

शेवटी गाडी पुढे सरकली ती या भीतीला कागदावर उत्तर दिल्यावर. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे एक नोटशीट, म्हणजे मंजुरीची टिपणी, केली. त्यात चार गोष्टी होत्या. स्किल लॅबला (सरावाच्या खोलीला) वॉर्डासारखा स्वतःचा कोड द्यावा. केस पेपर क्रमांकाच्या जागी सत्राचा क्रमांक आणि तारीख चालावी. लॅबचं वेगळं साठा रजिस्टर असावं आणि त्यावर सत्रानंतर प्रशिक्षक व मेट्रन अशा दोघांच्या सह्या असाव्यात. प्रत्येक वस्तूवर ‘फक्त प्रशिक्षणासाठी, रुग्णावर वापरू नये’ असा लाल शिक्का असावा. सोबत एका बॅचच्या सामानाची यादी जोडली. या नोटशीटवर सही झाली तेव्हा जो जीव भांड्यात पडला, तो मॅनिकिन आल्यावरही पडला नव्हता. तुम्ही मॅनिकिनच्या प्रस्तावासोबतच ही नोट पाठवा, नंतर नको. आणि त्याच प्रस्तावात सुट्या सामानासाठी दर वर्षाचा वेगळा खर्चशीर्ष मागून घ्या.

यादी करताना प्रत्येक फेरीला नवं सामान मागू नका, तिथे स्टोअर पुन्हा अडवतं. सलाइनच्या ५०० मिलीच्या दोन बाटल्या आणि दोन सेट अख्ख्या बॅचला पुरतात. बाटली रिकामी झाली की साधं पाणी भरा. कॅन्युला प्रत्येक गेजच्या तीन-चार असाव्यात, टोक बोथट झालं की टाकायच्या. फोली कॅथेटर (लघवीची नळी) एक, युरोबॅग एक. फेरीगणिक संपतात ती अँपूल आणि हातमोजे. अँपूलसाठी डिस्टिल्ड वॉटरची ५ मिलीची घ्या, वर औषधाच्या नावाचं लेबल लावा आणि लाल शिक्का मारा. ही लेबल लावलेली अँपूल सत्राआधी आणि सत्रानंतर मोजा. आकडा जुळेपर्यंत कुणालाही खोलीबाहेर सोडू नका. एक जरी अँपूल एप्रनच्या खिशातून वॉर्डात गेलं, तरी त्यावर औषधाचं नाव आहे आणि आत नुसतं पाणी. सराव असला तरी सुया पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात आणि काच निळ्यात. ही सवय लॅबमध्येच लागते.

पाणी भरलेली बाटली विद्यार्थिनींनी एकमेकींना लावून बघू नये, हे पहिल्याच दिवशी बजावा. तसा मोह होतो.

आता रक्ताबद्दल. पाणी, खायचा लाल रंग आणि घट्टपणासाठी थोडं कॉर्नफ्लोअर शिजवून केलेलं रक्त चादरीवर दाखवायला उत्तम. पण मॅनिकिनच्या नळ्यांतून ते सोडू नका, नळी तुंबते. तिथे कंपनीचंच द्रावण वापरा. रंग आधी मांडीच्या आतल्या बाजूला लावून पाहा, कारण व्हिनाइलवर डाग कायमचा बसतो. साखरेचं सरबत तर मुळीच नको, मुंग्या लागतात. किती रक्त गेलं हे नजरेनं सांगायला लावा आणि मग मोजून दाखवा. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली, तेव्हा भिजलेल्या पॅडच्या वजनातून कोरड्याचं वजन वजा केलं की झालं. नजरेचा अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतो. ५०० मिलीची रेषा कुठे येते हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही.

पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा मॅनिकिनला सोसत नाही. सत्र संपलं की पोट उघडून नळ्या कोरड्या करा, नाहीतर बुरशी धरते. बॅटरी काढून ठेवा.

सरावातल्या प्रसंगाची संहिता इंग्रजीत असली तरी रुग्णाचा आवाज कोंकणीतूनच द्या. ‘म्हाका घुंवळ येता’ हे पडद्यामागून ऐकल्यावर सिस्टर ज्या चपळाईनं नाडीला हात लावते, त्या चपळाईनं इंग्रजी वाक्याला लावत नाही. डिचोली-सत्तरीकडे मराठीतूनही चालेल.

सरावाला दहा मिनिटं दिली तर नंतरच्या चर्चेला वीस तरी द्या. आधी काय वाटलं ते बोलू द्या, मग काय आणि का घडलं, शेवटी पुढच्या वेळी काय बदलणार. ‘तू चुकलीस’ या शब्दांनी सुरुवात केली की पुढच्या सत्राला निम्म्या जणी रजेवर जातात. ‘गुलाबी कॅन्युला उचललेली दिसली, तेव्हा मनात काय होतं?’ असं विचारा.

वॉर्डातच सराव घेतला तर इमर्जन्सी ट्रॉली जशी होती तशी, यादीवर खूण करत भरून परत करा. आणि इंडेंट चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दोन आठवडे आधी द्या. त्यानंतर सही करणारं कुणी जागेवर सापडत नाही.