भ्रू दीर्घ

सोमवार, रात्री

मुख्याध्यापिका बाईंचा दुपारी पुन्हा फोन आला. ३ जानेवारीला बालिका दिनाची फेरी आहे, घोषणा कधी देताय? निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी घोषणा माझ्याकडूनच जातात. एरवी अर्ध्या तासाचं काम. यंदा दोन दिवस वही उघडून बसतेय आणि ‘भ्रूणहत्या’ या शब्दापाशी पेन थांबतंय.

कारण मला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात पुतणी आली होती. (तिला विचारूनच लिहितेय. नाव, गाव लिहिणार नाही असा शब्द दिलाय.) तिला दोन मुली, थोरली सहाची, धाकटी तीनची. तांबी बसवलेली असूनही दिवस राहिले. ओट्याशी उभी राहून हळूच म्हणाली, “काकू, मला हे नकोय. घरी कळलं तर म्हणतील, देवानंच दिलंय, या खेपेला मुलगाच होणार.”

दुसऱ्या दिवशी दोघी एका खासगी दवाखान्यात गेलो. सोनोग्राफी झाली. सात आठवडे चार दिवस. डॉक्टरांचं बोलणं नीट चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, आधीची मुलं किती? दोन मुली म्हटल्याबरोबर त्यांनी पेन खाली ठेवलं. “दोन मुलींच्या पाठीवरचं आम्ही करत नाही. नवऱ्याला घेऊन या, त्यांची सही लागेल, मग बघू.” त्यांच्या मागे भिंतीवर पाटी होती: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.

सात आठवड्यांच्या सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे कुणालाच दिसत नाही. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण दोन मुली आणि तिसऱ्या खेपेला गर्भपात एवढं जुळलं की संशय घ्यायचा, हे आता त्यांच्या हाडात बसलंय. रजिस्टर तपासायला पथक आलं तर उत्तर कोण देणार? मला त्यांच्यावर धड रागावताही आलं नाही.

परतताना एसटीत ती माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, “काकू, ही भ्रूणहत्याच ना हो?”

मंगळवार, पहाटे

झोप नाही.

ती माझ्याच शाळेत होती. २०१२ साली नववीत. त्या उन्हाळ्यात परळीचं प्रकरण बाहेर आलं होतं. गर्भपात करताना एक बाई दगावली आणि त्या दवाखान्यात काय चालायचं ते सगळ्या महाराष्ट्राला कळलं. आदल्याच वर्षीच्या जनगणनेत आमच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली निघाल्या होत्या. राज्यात सगळ्यात खाली. माझ्या वर्गाच्या पटावरसुद्धा ते दिसायचं. त्या आकड्याची लाज मला अजून वाटते आणि काढलेल्या फेरीचा पश्चात्ताप मुळीच नाही.

पण पुठ्ठ्यांवर काय लिहिलं होतं? ‘स्त्री भ्रूणहत्या महापाप.’ हिच्या हातात तोच पुठ्ठा होता. तिनं ‘भ्रु’ ऱ्हस्व काढला होता, मी खोडून घेतला. भ्रू दीर्घ काढ, म्हटलं. मराठीची बाई ना मी. शब्द शुद्ध करून घेतला, पण त्याचा अर्थ कुठवर जातो ते सांगितलं नाही. भ्रूणहत्या हा धर्मशास्त्रातला महापातकाचा शब्द. त्याच्यामागे ‘स्त्री’ लावलं, आणि वर्षभरात बोलता बोलता ते ‘स्त्री’ गळून पडलं. उरलं ते हत्या. आता सात आठवड्यांची गर्भार बाई, तांबी असूनही अडकलेली, स्वतःला त्याच शब्दानं मोजते.

सगळ्यात जास्त सलतं ते पुढचं. लेकी वाचवायच्या म्हणून आम्ही जो धाक बसवला, त्याच धाकानं या पोरीला तिसऱ्या बाळंतपणाकडे ढकललं जात होतं, आणि ते बाळंतपण घरच्यांना हवं होतं मुलासाठी. नवऱ्याची सही मागणं म्हणजे मुलगा हवा असलेल्या माणसाच्या हातात निर्णय देणं.

मंगळवार, दुपारी

गर्भपाताचा कायदा पुन्हा काढून वाचला. १९७१ चा. त्याच्या आधी शांतिलाल शाह समिती नेमली होती. शाह आपल्या राज्याचे आरोग्यमंत्री. चोरून, वाट्टेल त्या उपायांनी गर्भ पाडताना बाया मरत होत्या, म्हणून तो कायदा आला. पण त्यानं बाईला हक्क दिला नाही, डॉक्टरला संरक्षण दिलं. गर्भपात हा मूळ गुन्हाच राहिला. १८६० च्या दंडसंहितेत कलम ३१२, आता न्यायसंहितेत ८८. स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा त्यात गुन्हेगार. आणि शेजारचा गर्भलिंग निदानाचा कायदा म्हणतो, तपासणी करून घेणाऱ्या बाईवर नवऱ्याची किंवा नातेवाइकांची सक्ती होती असंच कोर्टानं धरून चालावं, उलट सिद्ध होईपर्यंत. एका कायद्याला आमची घरं कशी चालतात ते ठाऊक आहे, दुसऱ्याला नाही.

२०२१ च्या दुरुस्तीनं वीस आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरचं मत पुरतं. संततिनियमनाचं साधन फसणं हे कारण चालतं, आणि त्यासाठी ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ असे जे शब्द होते तिथे ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आलं. संमती फक्त तिची, सज्ञान असेल तर. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ च्या सप्टेंबरात डॉक्टरांना बजावलं की कायद्यात नसलेल्या अटी लादू नका. नवऱ्याची सही ही तसलीच अट.

बहिणीला फोनवर हे सगळं सांगितलं, तर तिनं नेमकं बोट ठेवलं. “मग बाईचाच निर्णय म्हणतेस, तर मुलगी नको हाही तिचाच निर्णय मानशील का?” मी गप्प. मग म्हटलं, तीस वर्षांत माझ्याकडे रडत आलेल्या एकाही आईनं ‘मला मुलगी नको’ म्हटलेलं नाही. ‘त्यांना नको’ म्हणायच्या. मूल हवं पण ही नको, हा प्रश्नच घरानं घातलेला असतो. मूलच नको हे पुतणी स्वतःहून म्हणाली होती. दोन्हींत मला फरक दिसतो. बहिणीला तो पुरेसा वाटला नाही, आणि खरं सांगायचं तर सगळ्या प्रश्नांना तो मलाही पुरत नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात दिल्लीत एका विवाहितेचा खटला चालला. दोन लेकरं, धाकटं अंगावर पिणारं, पाळी आलेलीच नव्हती म्हणून कळलं नाही, सव्वीस आठवडे झालेले. मनानं खचलेली बाई. खंडपीठावर दोन्ही महिला न्यायाधीश, दोघींचं मत दोन बाजूंना. शेवटी तीन न्यायाधीशांनी नकार दिला: कायद्यातली चोवीस आठवड्यांची मर्यादा उलटलीय, गर्भ निरोगी आहे. सव्वीस आठवड्यांचं लेकरू काचेच्या पेटीत जगू शकतं, हे मी माझ्या भाचीच्या वेळी डोळ्यांनी पाहिलंय. तळहाताएवढी होती. त्यामुळे मला त्या दिवशी नकार चुकला असं म्हणता येईना, आणि त्या बाईचा विचारही डोक्यातून जाईना. सात आठवडे आणि सव्वीस आठवडे मला एका शब्दात बसवता येत नाहीत.

बुधवार

पुतणीचं पुढचं लिहायचं राहिलं. त्या खासगी दवाखान्यानंतर दोन दिवसांनी आम्ही दुसऱ्या गावच्या सरकारी रुग्णालयात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी तांबी कधी बसवली ते विचारलं, फॉर्म सी, म्हणजे संमतीचा कागद, पुढे केला. तिची सही. नवऱ्याचं नावही निघालं नाही. आठ आठवडे व्हायला एक दिवस होता. नऊपर्यंत गोळ्यांनी होतं. पहिली गोळी तिथेच दिली, बाकीच्या दोन दिवसांनी. त्या रात्री ती माझ्याकडे होती. पोटात कळा आल्या, गरम पाण्याची पिशवी दिली, पहाटे खिचडी खाल्ली. थोडी रडली. का रडतेस, विचारलं नाही.

आज घोषणा पूर्ण केल्या. ज्योतिराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात विधवांसाठी घर उघडलं होतं, गुपचूप या, बाळंत व्हा, म्हणून. बाईला आधी आत घेतलं. ते डोळ्यांपुढे ठेवून लिहीत गेले. ‘गर्भाचं लिंग विचाराल, तुरुंगात जाल’, ‘मुलगी आहे का, हे विचारणं बंद’. बारा झाल्या.

संध्याकाळी मुख्याध्यापिका बाईंचा फोन. “बाई, भ्रूणहत्या एकाही ठिकाणी नाही. विसरलात का?”

म्हटलं, विसरले नाही. उद्या पहिल्या तासाला येते, नववीच्या मुलींशी बोलायचंय. त्या म्हणाल्या, पालकांचं काही आलं तर? मी म्हटलं, त्यांनाही बोलवा.