तीन शब्दांना एक दुपार का लागते?

‘हजारभर तर छोटी छोटी वाक्यं. यंत्र क्षणात भाषांतर करून देतं. मग ॲप मराठीत आणायला तुम्हाला दोन महिने कशाला हवेत?’ हा प्रश्न मला दर नव्या कामाच्या पहिल्याच बैठकीत येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

बसच्या तिकिटांचं एक ॲप होतं. वाक्य तुकड्यांत ठेवलेलं: गावाच्या नावासाठी मोकळी जागा आणि पुढे ‘हून निघणारी बस’. नागपूर निवडलं, ‘नागपूरहून’, सगळे खूश. मग पुणं निवडलं आणि पडद्यावर आलं ‘पुणेहून निघणारी बस’. पाठोपाठ ‘ठाणेहून’, ‘साताराहून’. इंग्रजीत गावाचं नाव कुठेही बसवा, जसंच्या तसं राहतं. आपल्याकडे प्रत्यय लागण्याआधी नावच वाकतं, पुण्याहून, साताऱ्याहून, आणि ते त्या मोकळ्या जागेला कुठून कळणार? शेवटी वाक्यच बदललं: ‘पुणे ते सातारा’. ‘ते’ला सामान्यरूप लागत नाही. हे तीन शब्द सापडायला अख्खी दुपार गेली आणि मला ती मुळीच वाया गेलेली वाटत नाही. एकटीने तिकीट काढायला बसलेली बाई ‘पुणेहून’ वाचते तेव्हा तिला लगेच कळतं, की हे आपल्यासाठी लिहिलेलं नाही.

दुसरा पेच माणसांच्या नावांचा. किरण गटात ‘सामील झाला’ की ‘झाली’? नुसत्या नावावरून ठरवता येत नाही. तिथे ‘किरण यांनी गटात प्रवेश केला’ असं लिहिलं, की ‘केला’ प्रवेशाशी जुळतं, माणसाशी नाही. शाळेत घोकलेला कर्मणी प्रयोग असा कामी येतो, याचा मला दर वेळी आनंद होतो.

वचनाचं तुलनेने सोपं. ‘1 तिकीट रद्द झालं’, ‘2 तिकिटं रद्द झाली’, म्हणजे मराठीला एकाच वाक्याच्या दोन ओळी. जपानीला एक पुरते, अरबीला सहा लागतात.

खरा वेळ खातात ते सुटे शब्द. भाषांतरासाठी आलेल्या यादीत नुसतं ‘बुक’ असतं. पुस्तक की आरक्षण? ‘ओपन’ म्हणजे दुकान उघडं आहे, की फाइल उघडा? यंत्र यातलं एक बेधडक निवडतं. मी विचारत बसते, आणि उत्तर यायला दोन दिवस जातात.

म्हणून यादी पाठवाल तेव्हा प्रत्येक ओळीशेजारी एवढंच लिहा: हे बटण आहे की शीर्षक, आणि कुठल्या पडद्यावर. वाक्य मात्र अख्खं पाठवा.